मुलांना बातमी पारखायला कशी शिकवायची? पालक आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर बातम्यांवरचे वर्ग घेताना पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे सगळं कितव्या वर्षापासून शिकवायचं? आमची मुलगी सातवीत आहे, फार लवकर तर होणार नाही ना?

सातवी योग्य आहे. व्हॉट्सअॅपची अधिकृत वयोमर्यादा १३ वर्षांची आहे, पण बऱ्याच घरांत शाळेचा ग्रुप आईच्या फोनवर असतो आणि तो बघतात मुलंच. म्हणजे फॉरवर्ड त्यांच्या हाती आधीच पोचलेले असतात.

वयापेक्षा महत्त्वाचं आहे, ते आपण किती वेळा शिकवतो. बिहारमध्ये झालेल्या दोन अभ्यासांतून हे चांगलं कळतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात मोठ्या माणसांना एकदाच, तासाभराचं प्रशिक्षण दिलं. सरासरी पाहता काही फरक पडला नाही. पुढे १३ ते १८ वयोगटातल्या १३ हजारांहून जास्त मुलांसाठी सरकारी ग्रंथालयांतून काही आठवडे वर्ग घेतले. तेव्हा फरक पडला, काही महिन्यांनी तपासलं तरी टिकलेला दिसला आणि त्याचा परिणाम मुलांच्या आईवडिलांवरही झाला. वर्षातून एक ‘जनजागृतीपर व्याख्यान’ ठेवून, फोटो काढून मोकळ्या होणाऱ्या शाळांनी हे जरूर वाचावं.

२. आमचा मुलगा पेपरला हात लावत नाही, टीव्हीवरच्या बातम्याही बघत नाही. मग शिकवायचं कशावरून?

तो बातम्या बघतो, फक्त तुम्ही ज्याला बातम्या म्हणता त्या बघत नाही. आयपीएलमध्ये कोण कुठल्या संघात गेला, दहावीचा पेपर खरंच फुटला का, कुठलं अॅप बंद होणार, हे सगळं त्याला रील्समधून आणि यूट्यूबवरून कळतं. तिथूनच सुरुवात करा. रोज अग्रलेख वाचायची सक्ती केली, तर दोन दिवसांत घरात अबोला सुरू होतो, याची मला पालकांकडून नियमित पत्रं येतात.

त्याला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे सांगणाऱ्याला हे कुठून कळलं? रीलमधला मुलगा जिथे आहे म्हणून सांगतो, तिथे तो खरंच होता का? त्याने कुणाशी बोलून माहिती घेतली, की दुसऱ्याची रील पाहून आपली रील केली? बऱ्याचदा साखळी उलगडत गेलं की शेवटी एखाद्या वृत्तपत्राची किंवा वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी सापडते, आणि कधीकधी काहीच सापडत नाही. मुलांना हा शोध आवडतो. त्यात गुप्तहेरगिरी आहे.

३. पेपरात छापून आलेलं सगळं बातमीच असतं ना? बातमी, मत आणि जाहिरात यांतला फरक मुलांना कसा दाखवायचा?

एका रविवारी घरचा अंक जमिनीवर पसरा आणि तीन रंगांची स्केचपेनं द्या. बातमीला एक रंग, मताला दुसरा, जाहिरातीला तिसरा. अर्ध्या तासात वाद सुरू होतात आणि तेच हवं असतं.

बातमीच्या सुरुवातीला गाव आणि बातमी देणारा कोण ते असतं. ‘प्रतिनिधी’ म्हणजे पेपरचा स्वतःचा माणूस, ‘वृत्तसंस्था’ किंवा ‘पीटीआय’ म्हणजे बाहेरून घेतलेला मजकूर. अग्रलेख आणि त्या पानावरचे लेख हे मत. ते पक्षपाती असलं तरी त्यात लबाडी नाही, कारण ते मत म्हणूनच छापलेलं असतं. वाचकांची पत्रंही मतच.

अवघड जातात त्या बातमीच्या वेषातल्या जाहिराती. एखाद्या शिक्षणसंस्थेवर किंवा बिल्डरवर अख्खं पान, त्यात मालकाची मुलाखत, कुठेही टीकेचा एक शब्द नाही आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा ‘अॅडव्हर्टोरियल’. तो बारीक शब्द शोधायला मुलांना फार मजा येते. तोही नसला, तर प्रकरण गंभीर. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. ‘पेड न्यूज’ (पैसे घेऊन छापलेली बातमी) हा शब्द त्यानंतर घराघरांत गेला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला त्यावर अहवाल लिहावा लागला.

जाता जाता मुलांना अंकाच्या तळाची बारीक ओळही दाखवा: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापखाना कुठे. १८६७ च्या कायद्यापासून ही माहिती छापणं बंधनकारक आहे. १ मार्च २०२४ पासून त्या जागी नवा कायदा आला, ओळ मात्र राहिली. मजकूर चुकला तर कोर्टात कुणाला उभं करायचं, ते या ओळीवरून ठरतं. मग त्याच मुलांना एखादं व्हायरल पेज उघडून तशी ओळ शोधायला सांगा.

४. मोबाइलवर आलेला मेसेज खरा की खोटा, हे बघायची सगळ्यात सोपी रीत कोणती?

मेसेज वाचत बसू नका, त्यातून बाहेर पडा. मुलं (आणि मोठेही) मेसेज पुन्हा पुन्हा वाचतात, भाषा बघतात, लोगो बघतात आणि ‘खरा वाटतोय’ म्हणतात. अनुभवी तपासनीस (फॅक्ट-चेकर) उलटं करतो. तो दुसरी खिडकी उघडून तीच गोष्ट इतरत्र कोण सांगतंय ते बघतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासनीस, इतिहासाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी यांची तुलना केली, तेव्हा नेमका हाच फरक दिसला. पानावरच खिळून राहिलेले प्राध्यापकही फसले.

पावसाळ्यातलं आपलं हमखास उदाहरण घेऊ. रात्री साडेनऊला ‘अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी’ असं पत्र येतं. राजमुद्रा आहे, जिल्हाधिकाऱ्यांची सही आहे. मुलांना तर ते खरंच असावं असं वाटत असतं, म्हणून शिकवायला हे उत्तम. आधी तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीच्या खऱ्या आदेशावर नवी तारीख चिकटवलेली असते, आणि तारखेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड दिसतात. मग जावक क्रमांकातलं वर्ष बघा, ते बदलायला लोक विसरतात. तारखेला वार जुळतो का? आदेश कुठल्या तालुक्यांसाठी आहे? असे आदेश जिल्हाधिकारी बहुधा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने काढतात, तसा उल्लेख आहे का? एवढं झालं की पत्र बाजूला ठेवा आणि जिल्हा माहिती कार्यालयाचं किंवा महापालिकेचं अधिकृत खातं उघडा. आदेश खरा असेल तर तो तिथे असतो. शेवटी वर्गशिक्षकांना एक फोन. पाच मिनिटांचं काम.

आणखी एक खूण. व्हॉट्सअॅपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला आहे. पाठवणारी तुमची सख्खी मावशी असली, तरी मजकूर मावशीचा नाही.

५. फोटो किंवा व्हिडिओ असेल तर? डोळ्यांनी दिसतंय ते खोटं कसं असेल?

दिसतंय ते बहुतेक वेळा खरंच असतं. खोटी असते ती सोबतची ओळ: कुठलं, कधीचं आणि कशाचं. म्हणून ‘फोटोत काही खाडाखोड आहे का’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘हा फोटो याआधी कुठे आला होता’ हे शोधा. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की जुन्या जागा दिसतात. व्हिडिओ असेल तर तो थांबवून, ठळक काही दिसतंय अशा दोन-तीन क्षणांचे स्क्रीनशॉट घेऊन तेच करा. मग दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, एसटीचा रंग, लोकांच्या अंगावर स्वेटर आहेत की छत्र्या, हे बघा. ‘काल नाशिकला घडलं’ म्हणणाऱ्या व्हिडिओत पाट्या बंगालीत असल्या, तर पुढे शोधायची गरज उरत नाही.

दोन उदाहरणं मी नेहमी दाखवतो. पहिलं २०१८ मधलं. मोटरसायकलवरून आलेले दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असा व्हिडिओ ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ म्हणून देशभर फिरला. तो कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेचा होता. मूळ व्हिडिओत ते दोघं लगेच परत येऊन मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापला होता. त्याचे परिणाम प्रश्न ६ मध्ये आहेत.

दुसरं उदाहरण मुलंच मला समजावून सांगतात. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेन, गाझा आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष, अशा प्रत्येक वेळी खरी म्हणून फिरली. गेम बनवणाऱ्या झेक कंपनीला २०२२ मध्ये खुलासाच करावा लागला. अशा क्लिप मुद्दाम अंधारातल्या, धूसर आणि हलत्या असतात आणि त्यात चालतीबोलती माणसं जवळजवळ नसतात. हे वर्गातला गेम खेळणारा पोरगा एका नजरेत ओळखतो. त्या दिवशी तो शिक्षक होतो.

६. खोटं असलं म्हणून काय बिघडलं? लोक काळजीपोटीच तर पाठवतात.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याआधी कित्येक दिवस त्या भागातल्या फोनवर टोळीचे मेसेज फिरत होते, आणि ते पुढे पाठवणारे बहुतेक सगळे ‘काळजीपोटीच’ पाठवत होते. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

दहावीच्या मुलांना ही घटना सांगावी का, असं शिक्षक विचारतात. माझ्या मते सांगावी, पण व्हिडिओ अजिबात दाखवू नये.

लहान मुलांसाठी सौम्य उदाहरण हवं असेल तर २०२० चा फेब्रुवारी-मार्च घ्या. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा पसरली आणि कोंबडीचे भाव कोसळले. पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांचं पुरतं नुकसान झालं, आणि त्यात कोंबडीचा किंवा त्यांचा काडीचा दोष नव्हता.

७. पेपरचं कात्रण किंवा न्यूज चॅनेलचं ग्राफिक आलं, तर ते तर खरंच मानायचं ना?

नाही. ओळखीच्या मराठी वाहिन्यांच्या आणि वृत्तपत्रांच्या नावाची बनावट ग्राफिक्स निवडणुकीच्या दिवसांत ढिगाने येतात. लोगो चिकटवायला दोन मिनिटं पुरतात. कात्रणावर तारीख आणि आवृत्ती आहे का बघा आणि त्या दिवसाचा ई-पेपर उघडा. ग्राफिक असेल तर त्या वाहिनीच्या अधिकृत खात्यावर त्याच वेळचं ते सापडायला हवं.

अक्षरांतही खुणा असतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळे दिसतात. ज्या वाहिनीच्या ग्राफिक्सवर रोज मराठी वळण असतं, तिच्या नावाने हिंदी वळणाचा ‘ल’ आला, तर भुवई उंचावावी. पण एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण कित्येक अस्सल मराठी वेबसाइटही फॉन्टमुळे हिंदी वळणच दाखवतात. त्यापेक्षा रोजच्या ग्राफिकशेजारी हे ठेवून पाहा. ओळींमधलं अंतर, अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ यांत फरक सापडतो. व्याकरणाच्या तासाचा हा एक अनपेक्षित उपयोग.

८. पण मोठ्या चॅनेलने स्वतः दाखवलं, तर?

तेव्हाही थांबा, विशेषतः पहिल्या काही तासांत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो चिप’ आहे, हे काही मोठ्या हिंदी वाहिन्यांनी ग्राफिक्ससह समजावून सांगितलं होतं. तशी चिप कधीच नव्हती. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५ च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या एकामागून एक वाहिन्यांनी चालवल्या. तसं घडलंच नव्हतं.

मग पेपर, वाहिन्या आणि फॉरवर्ड सगळं सारखंच का? तसं नाही. नाव-पत्ता असलेल्या माध्यमाविरुद्ध तक्रार करता येते. वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया आहे. ती दंड करू शकत नाही, ताशेरे मारू शकते. खासगी वृत्तवाहिन्यांसाठी एनबीडीएसए ही उद्योगानेच उभारलेली यंत्रणा आहे, पण ती फक्त सदस्य वाहिन्यांपुरती. दोन्हींचे दात फार तीक्ष्ण नाहीत, हे मुलांना सांगून टाकावं. त्यापेक्षा चांगली कसोटी अशी: हे माध्यम चुकलं की ‘दुरुस्ती’ किंवा ‘खुलासा’ छापतं का? आतल्या पानावर का होईना, छापतं त्याला मी चार गुण जास्त देतो.

९. ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ असं लिहिलेलं असलं, तर सोडून द्यायचं का?

सोडून देऊ नका, पण पेन्सिलीने लिहून ठेवा, शाईने नको. नाव न देता माहिती देणाऱ्यामुळे मोठमोठे घोटाळे बाहेर आले आहेत, त्यामुळे ‘सूत्र’ म्हणजे थाप असं नव्हे. बातमीत त्या सूत्राबद्दल काय सांगितलं आहे, ते बघायचं. ‘बैठकीला हजर असलेल्या अधिकाऱ्याने सांगितलं’ यात काहीतरी आहे. नुसतं ‘सूत्रांकडून समजते’ यात काही नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तेच दिलं का, तेही पाहा.

१०. एखादा तटस्थ पेपर किंवा चॅनेल सांगा ना, तोच लावून देतो.

सांगणार नाही, कारण एक नाव सांगितलं की तुम्ही तपासणं बंद कराल. एकाच घटनेच्या दोन वेगळ्या कलाच्या माध्यमांतल्या बातम्या शेजारी ठेवा. दोघांत समान असलेला भाग बहुधा घटना असते आणि वेगळा असलेला भाग दृष्टिकोन. मालक कोण आणि त्याचे इतर धंदे कोणते, हेही मुलांना शोधायला लावा. नववी-दहावीची मुलं यात चांगलीच तरबेज होतात.

११. फॅक्ट-चेक करणाऱ्या वेबसाइट तरी कुणाच्या बाजूच्या नसतात कशावरून?

चांगला प्रश्न, मुलांनी विचारलाच पाहिजे. मराठीत फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज यांची पानं आहेत. देशपातळीवर बूम, अल्ट न्यूज वगैरे. त्यांनी कुठल्या दाव्याला हात घातला आणि कुठला सोडला, यावर टीका जरूर होऊ शकते. पण चांगल्या फॅक्ट-चेकमध्ये निष्कर्षाइतकीच वाटही दिलेली असते: मूळ फोटो इथे, तारीख ही, अमुक अधिकाऱ्याशी बोलणं झालं. ती वाट तुम्ही स्वतः चालून बघू शकता. वाट न देता नुसता लाल शिक्का मारला असेल, तर तो बाजूला ठेवा.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून आहे. सरकारी योजनेच्या नावाने आलेला बनावट अर्ज, खोटी भरती, खोटी शिष्यवृत्ती यांसाठी तो उपयोगी पडतो. वाद तपासणाऱ्याच्या निष्पक्षपणाचा असेल आणि एक पक्ष सरकारच असेल, तर मात्र तेवढ्यावर थांबू नये. सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी, हे सरकारी विभागानेच ठरवावं अशी तरतूद २०२३ च्या नियमांत केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हा वादविवादाला फर्मास विषय आहे.

१२. मुलगी म्हणते, ‘मी चॅटजीपीटीला विचारलं, ते खरं म्हणालं.’ चालेल का?

शोधाची सुरुवात म्हणून चालेल, निकाल म्हणून नाही. ही साधनं आत्मविश्वासाने चुकतात आणि ताज्या घटनांबाबत तर जास्तच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी लोक एक्सवर ग्रोक या एआय चॅटबॉटला ‘हे खरं आहे का?’ विचारत होते. त्याने सुदानमधल्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या हवाई तळावरच्या हल्ल्याचा म्हणून सांगितला. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी बीबीसीबरोबर २०२५ मध्ये केलेल्या तपासणीत बातम्यांवरच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक मोठी चूक निघाली.

तिला एवढंच सांगा: उत्तराखाली दिलेल्या लिंक उघड आणि उत्तरात जे म्हटलंय ते तिथे खरंच लिहिलेलं आहे का, ते मला दाखव.

१३. डीपफेक कसा ओळखायचा? ओठ, डोळ्यांची उघडझाप वगैरे बघायचं ना?

डीपफेक म्हणजे एआयने बनवलेला हुबेहूब खोटा व्हिडिओ किंवा आवाज. खुणा बघून तो ओळखायचा काळ गेला. ओठांचा मेळ, सहा बोटं या खुणा दर काही महिन्यांनी सुधारल्या जातात. मुलांना त्यांवर विसंबायला शिकवलं, तर उद्याचा सफाईदार व्हिडिओ त्यांना जास्त खरा वाटेल. सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची जाहिरात करतोय आणि आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगतोय, असा व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये फिरला. आवाज, चेहरा बेमालूम होता. पण प्रश्न साधा होता: एवढा मोठा माणूस हे म्हणाला, तर ते त्याच्या स्वतःच्या खात्यावर का नाही? त्याने १५ जानेवारीला स्वतःच तो व्हिडिओ खोटा असल्याचं जाहीर केलं. म्हणजे रीत पुन्हा प्रश्न ४ मधलीच. पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

१४. ‘धोका दुप्पट’, ‘७० टक्के लोकांचं मत’ अशा बातम्यांचं काय?

दुप्पट म्हणजे कितीचे किती? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. ७० टक्के कुणाच्या? वाहिनीच्या पेजवर ज्यांनी बटण दाबलं त्यांच्या, की नीट निवडलेल्या नमुन्याच्या? किती लोकांना विचारलं आणि पैसे कुणी दिले, हे बातमीत नसेल तर मथळ्यावरून मत बनवू नका. गणिताच्या शिक्षकांनी हा भाग आपल्याकडे घ्यावा, अशी माझी जुनी विनंती आहे.

१५. आजोबा फॅमिली ग्रुपवर काहीही टाकतात. मुलीने तिथेच ‘हे फेक आहे’ लिहिलं आणि घरात महाभारत झालं. आता?

मुलीचं म्हणणं बरोबर, जागा चुकीची. चारचौघांत, सुना-जावयांसमोर, नातीने खोटं ठरवलेलं कुठल्या आजोबांना रुचेल? वेगळा मेसेज करायचा: ‘आजोबा, मघाचा फोटो मी शोधला, तो २०१५ चा निघाला. लिंक पाठवते. तुम्हाला काही शंका वाटली की मला आधी पाठवाल का?’ शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. आजोबांचा मान राहतो आणि नातीकडे तपासनीसाचं पद येतं. काही घरांत यामुळे आजोबा-नातवंडांचं बोलणं वाढल्याचं मी पाहिलं आहे. आजोबांचा विश्वास सहसा मेसेजवर नसतो, तो पाठवणाऱ्या जुन्या मित्रावर असतो. त्या मित्राला कमी लेखू नये.

अपवाद एकच. मेसेजमुळे कुणाच्या जिवाला धोका असेल (औषध बंद करा, अमुक वस्तीतले लोक मुलं पळवतात), तर भिडेची पर्वा न करता ग्रुपवरच, पण शांत शब्दांत लिहावं. ते मुलीने लिहिण्यापेक्षा आईवडिलांपैकी एकाने लिहिलेलं बरं.

१६. हे सगळं शिकल्यापासून मुलगा म्हणतो, ‘सगळेच विकले गेलेत, कशावरच विश्वास ठेवायचा नाही.’ आम्ही चुकलो का?

शिकवणं अर्धंच झालंय. संशय घ्यायला शिकवलं, विश्वास कधी ठेवायचा ते राहून गेलं. सगळंच खोटं म्हणणाऱ्याला आणि सगळंच खरं म्हणणाऱ्याला तपासायचे कष्ट सारखेच वाचतात. शिवाय खोटं पसरवणाऱ्याला नेमका असाच माणूस सोयीचा असतो.

उपाय म्हणून काही दिवस फक्त खऱ्या बातम्या तपासायला द्या. एखाद्या जिल्हा वार्ताहराची खराब रस्त्याची बातमी घ्या. तो जागेवर गेला, सरपंचाशी बोलला, अभियंत्याची बाजू मागितली, फोटो स्वतः काढला. शक्य असेल तर असा वार्ताहर वर्गात बोलवा. एक बातमी उभी करायला किती फोन करावे लागतात, ते ऐकून मुलांचा सूर बदलतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं, त्या दिवसाची आठवण म्हणून आपण पत्रकार दिन पाळतो. हार-तुरे करण्यापेक्षा त्या दिवशी हे करा.

‘अजून कळलेलं नाही’ हेही एक उत्तर असतं, याची मुलांना सवय लावा. परीक्षेत ते चालत नाही, म्हणून त्यांना ते फार अवघड जातं.

१७. शाळेत हे कुठल्या तासाला घ्यायचं? आणि राजकारणाचा विषय निघून पालकांनी तक्रार केली तर?

दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा धडाच आहे. माध्यमांतली माहिती चिकित्सकपणे तपासण्याबद्दल त्यात लिहिलं आहे, आणि जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरची म्हणून विकत घेतलेली रोजनिशी बनावट निघाल्याचं उदाहरणही आहे. म्हणजे तक्रार आलीच, तर पुस्तक पुढे करता येतं.

सुरुवात पक्षीय नसलेल्या उदाहरणांनी करा: सुट्टीचं पत्र, बोर्डाचं बनावट वेळापत्रक, ‘आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा दरवर्षी येणारा मेसेज (युनेस्कोने ते केव्हाच नाकारलं आहे). रीत हाताला बसली की मग राजकीय दावे घ्या, आणि एकाच तासात किमान दोन परस्परविरोधी पक्षांचे घ्या. शिक्षकाने आपलं मत सांगू नये, पण तपासाअंती खोटं निघालेलं खोटंच म्हणावं. तिथे ‘दोन्ही बाजू’ करत बसू नये.

१८. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांना मराठी कळतं, वाचता येत नाही. आजी पाठवते ते व्हिडिओ ती तपासणार कशी?

गूगल लेन्स देवनागरी वाचतं आणि भाषांतरही करतं, तेवढ्यावर मथळ्यातली नावं आणि तारीख मिळते. ती घेऊन इंग्रजीत शोधता येतं. बोललेल्या व्हिडिओत मुलांनी गावाचं आणि माणसाचं नाव तेवढं टिपायचं. बाकी रविवारच्या फोनवर आजीलाच विचारायचं, ‘हे तुला कुणी पाठवलं?’

१९. सोळा वर्षांच्या मुलाने खोटी बातमी फॉरवर्ड केली तर त्याच्यावर गुन्हा होऊ शकतो का?

होऊ शकतो. लोकांत भीती किंवा समाजांमध्ये तेढ पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ५०५ होतं. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ‘मी लिहिलं नाही, नुसतं पुढे पाठवलं’ हा बचाव भरवशाचा नाही. ग्रुप अॅडमिनबद्दल मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याचा आधीपासून त्यात हात असेल, तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मुलांना ठाऊकच नसते: बातमी शंभर टक्के खरी असूनही ती पुढे पाठवणं गुन्हा ठरू शकतो. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, फोटो, शाळा उघड करायला पॉक्सो कायद्यात मनाई आहे. ‘न्याय मिळवून द्या’ म्हणून फिरणाऱ्या पोस्टमध्ये नेमकं हेच असतं. हरवलेल्या मुलाचा मेसेज आला, तर तो पाठवण्याऐवजी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. मूल सापडून मोठं झालं, तरी असे फोटो फिरत राहतात.

२०. पाठवून झाल्यावर कळलं की खोटं होतं. आता काय करू? (हा प्रश्न मुलंच विचारतात, बहुधा रात्री उशिरा.)

व्हॉट्सअॅपवर दोन दिवस आणि बारा तासांच्या आत ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतं, ते करा. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. ज्या ज्या ठिकाणी पाठवलं, त्या प्रत्येक ठिकाणी एक ओळ लिहा: मघाशी पाठवलेलं चुकीचं होतं, खरं हे, लिंक ही. खोटा मजकूर पुन्हा चिकटवू नका, नाहीतर घाईत वाचणाऱ्याला तोच दिसतो. ज्यांनी तुमच्याकडून घेऊन पुढे पाठवलं असेल, अशा दोघा-तिघांना स्वतंत्र मेसेज करा. इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली असेल तर दुरुस्तीही स्टोरीतच टाका, पोस्टमध्ये नको, कारण स्टोरी बघणारे पोस्ट बघतीलच असं नाही.